केसपेपरवर नुसतं 'फिजिओ' लिहू नका, डॉक्टर

मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे एमएसचा पेशंट न्यूरॉलॉजिस्टकडून माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या केसपेपरवर औषधांची यादी असते. प्रत्येक गोळीपुढे मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. यादी संपली की खाली कोपऱ्यात एकच शब्द: 'फिजिओ'. किती, कशासाठी, काय जपून, कधीपासून, काही नाही. पेशंटला मी विचारते, "डॉक्टरांनी काय सांगितलं व्यायामाबद्दल?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "थोडाफार करत जा म्हणाले. पण दगदग नको म्हणाले."

मी नागपुरात न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघात, पार्किन्सन्स, मणक्याच्या दुखापती हे माझं रोजचं काम. एमएसचे पेशंट त्या मानाने कमी, पण जे येतात ते वर्षानुवर्षं सोबत राहतात. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांमध्ये यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाहून लोक येतात, तिकडून छिंदवाडा-बैतूलहूनही येतात. बहुतेक जण विशी ते चाळिशीतले, त्यातही बायका जास्त. नोकरी नुकती लागलेली, लग्न नुकतं झालेलं, मूल लहान. अशा वयात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. मग एका डोळ्याला अंधुक दिसायला लागतं, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि सगळ्यांत जास्त छळतो तो थकवा.

यातले काही पेशंट व्यायामाला लागतात आणि टिकतात, काही पहिल्या दोन आठवड्यांत गळतात, काही माझ्यापर्यंत येतच नाहीत. आजार कुणाचा किती पुढे गेलाय यावर हे ठरतं असं मला कधी दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की ज्यांच्या डॉक्टरांनी व्यायामाबद्दल नीट दोन मिनिटं बोलून पाठवलंय ते टिकतात. मी तास-तास समजावून जे होत नाही ते न्यूरॉलॉजिस्टच्या एका वाक्याने होतं. त्या खुर्चीतून आलेल्या शब्दाला आपल्याकडे अजूनही फार वजन आहे. म्हणून हे सगळं मी डॉक्टरांना उद्देशून लिहिते आहे. पेशंट आणि घरच्यांनी वाचलं तर उत्तमच.

आधी भीतीबद्दल. ती काढल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही.

१८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवून ठेवलं, की एमएसच्या काही पेशंटना शारीरिक श्रमांनंतर काही वेळ अंधुक दिसतं. निरीक्षण अचूक होतं. शरीराचं तापमान वाढलं की मायलिन निघालेल्या तंतूंमधून संदेश नीट पुढे जात नाही, हे त्याचं कारण पुढे कळलं. एमआरआय यायच्या आधी तर संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायची चाचणीसुद्धा होती. शरीर तापलं की त्रास, आणि व्यायामाने शरीर तापतं, म्हणून व्यायाम नको, असा सरळ हिशेब वैद्यकाने मांडला आणि कित्येक दशकं पेशंटना आराम करायला सांगितलं. पण तो त्रास तात्पुरता असतो. शरीर थंड झालं की नजर पूर्वीसारखी होते. नवीन इजा काहीच झालेली नसते.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ पेशंट घेतले. त्यातल्या एका गटाला १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४०-४० मिनिटं हातापायांनी चालवायच्या सायकलवर बसवलं. त्यांची दम टिकवायची क्षमता वाढली, हातापायांची ताकद वाढली, मन हलकं झालं. तिथून वारं फिरलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २६ अभ्यासांमधले सुमारे १३०० लोक तपासले गेले. व्यायाम करणाऱ्यांमध्ये रिलॅप्सचं, म्हणजे एमएसचा नवा अटॅक येण्याचं, प्रमाण ४.६ टक्के निघालं, न करणाऱ्यांमध्ये ६.३ टक्के. म्हणजे व्यायामाने अटॅक वाढत नाहीत.

ही गोष्ट न्यूरॉलॉजिस्टना ठाऊक असते. माझी तक्रार एवढीच, की ती पेशंटपर्यंत पोचत नाही. पेशंटच्या डोक्यात सतत एकच प्रश्न असतो, "अटॅक आला तं?" आणि तो तुमच्यासमोर विचारायची त्याची हिंमत होत नाही, कारण बाहेर रांग आहे. त्याने विचारायची वाट न बघता तुम्हीच सांगून टाका: "व्यायामाने अटॅक येत नाही. व्यायाम करताना थोडं अंधुक दिसलं, पाय जड झाले, मुंग्या वाढल्या, तर थांबा, पंख्याखाली बसा, थंड पाणी प्या. थोड्या वेळाने पहिल्यासारखं होईल. ताप नसताना नवा त्रास चोवीस तासांपेक्षा जास्त टिकला तर मला फोन करा." एवढं म्हणायला अर्धा मिनिट पुरतं. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. 'घाबरू नका' एवढंच सांगितलं की माणूस घाबरतोच. कधी घाबरायचं ते सांगितलं की बाकीच्या वेळी तो निर्धास्त असतो.

असंच मान वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होण्याबद्दल. एमएसमध्ये हे लक्षण नेहमीचं आहे, पण पहिल्यांदा व्यायाम करताना खाली वाकल्यावर ते झालं तर पेशंट चटईवरून उठतो तो परत बसत नाही. आधी सांगितलेलं असलं तर तो मान सरळ ठेवून पुढचा व्यायाम करतो.

आता आमचा उन्हाळा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जागतिक एमएस दिवस ३० मे ला असतो, म्हणजे आमच्याकडे नवतपाच्या, मे अखेरच्या सगळ्यांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, ऐन तडाख्यात. या दिवसांत 'रोज अर्धा तास चाला' हा सल्ला बिनकामाचा आहे. कधी चालायचं ते सांगावं लागतं. माझे पेशंट उन्हाळ्यात पहाटे पाच-साडेपाचला उरकतात, किंवा घरात कूलरसमोर करतात. गार पाण्याने आंघोळ करून सुरुवात करायची, सुती सैल कपडे घालायचे, मानेभोवती ओला दुपट्टा, हाताशी थंड पाण्याची बाटली आणि मध्ये मध्ये घोट. कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान काम करतो. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर उकाडा वाढवतो, तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी बरी. संध्याकाळी अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावावर फिरायला जाणाऱ्यांना मी सांगते, की दिवसभर तापलेला रस्ता सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ वाफ सोडत असतो. पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांना हे सगळं कदाचित फार वाटेल. पण आमच्याकडे फेब्रुवारीत नेमाने चालणारा माणूस एप्रिलमध्ये बंद होतो आणि पावसाळ्यात परत सुरूच होत नाही. फेब्रुवारीच्या व्हिजिटमध्येच 'उन्हाळ्यात कसं करणार?' हा प्रश्न निघाला तर ते चार महिने वाचतात.

दुसरा अडसर लघवीचा आहे, आणि तो कुणीही आपणहून सांगत नाही.

एमएसमध्ये लघवीची अचानक घाई होते. दोन मिनिटंही धरवत नाही. एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम माझ्याकडे यायच्या. घरातले सगळे व्यायाम मन लावून करायच्या, पण बाहेर चालायला जा म्हटलं की काहीतरी कारण निघायचं. गुडघा दुखतो, कुत्री असतात, वेळ नाही. बऱ्याच दिवसांनी, दार लावून घेऊन, त्यांनी सांगितलं, की बागेत बाथरूम नाही. कॉलेजातही त्या सकाळपासून पाणी पीत नसत. पाणी कमी म्हणून बद्धकोष्ठ, त्यातून मूत्रमार्गात जंतुसंसर्ग, संसर्गाने अंगात कसर, आणि कसर आली की पाय आखडून जायचे. घरच्यांना वाटायचं आजार वाढला. त्यांच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी पाठवली, त्यांनी औषध दिलं, ठरावीक वेळाने जाऊन यायची सवय लावायला सांगितली. मॅडम चालायला लागल्या. त्यांनी जवळचा असा रस्ता निवडला, की वाटेत बहिणीचं घर लागतं.

व्यायामाला प्रोत्साहन म्हणजे भाषण नव्हे. पुष्कळदा लघवीबद्दल सरळ विचारणं हेच प्रोत्साहन ठरतं. पुरुष डॉक्टरसमोर बाई बोलणार नाही असं वाटत असेल तर तुमच्या सिस्टरना विचारायला सांगा. पण विचारा.

थकव्याचंही तसंच. एमएसचा थकवा झोपून जात नाही. सकाळी उठतानाच माणूस दमलेला असतो. घरात त्याला आळस म्हणतात, आणि बाहेरून हातपाय चांगले दिसत असल्यामुळे पेशंटला तो सिद्धही करता येत नाही. अशा माणसाला 'व्यायाम करा, थकवा जाईल' म्हटलं की तो मनातून तुमच्यापासून तुटतो. नियमित व्यायामाने हा थकवा कमी होतो हे खरं आहे, अभ्यासांत दिसलंय, मी डोळ्यांनी बघते. पण आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, झोप आणि मन एवढं बघून घ्या. आमच्याकडच्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. ते तसंच ठेवून त्यांना सायकलवर बसवणं अन्याय आहे. उदास मनाचा इलाज राहून गेला तर माझा कुठलाही तक्ता चालत नाही.

औषधांच्या वेळा हा तर पूर्णपणे तुमच्या हातातला भाग. एमएसचे अटॅक कमी करणारं इंटरफेरॉनचं आठवड्याचं इंजेक्शन घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कणकण आणि अंगदुखी असते. त्या दिवशी व्यायामाला सुट्टी, असं तुम्हीच सांगितलं तर त्याला अपराधी वाटत नाही. बॅक्लोफेनचंही लक्षात ठेवायला हवं. पाय आखडतात म्हणून डोस वाढवला जातो, आणि कधी कधी त्याच आखडलेल्या पायांच्या आधारावर माणूस उभा राहत असतो. डोस वाढला, कडकपणा गेला, आणि पाय लुळे पडून उभंच राहवेना, असं मी बघितलंय. डोस बदललात की मला कळवा. निदान पेशंटला 'आता चालण्यात फरक वाटला तर लगेच सांगा' एवढं म्हणा. गुंगी येत असेल तर गोळीची वेळ आणि व्यायामाची वेळ लांब ठेवता येते.

आता घरचे. ओपीडीत पेशंटच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय याकडे बघा, कारण व्यायाम बंद पाडायची ताकद त्या खुर्चीत असते, आणि तो बंद पडतो मायेपोटी.

अमरावतीकडच्या एक ताई आहेत. निदान झाल्यावर सासूबाईंनी घरातलं एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं. झाडू गेला, मग ओटा, मग पोळ्या. ताई उठल्या की आतून आवाज यायचा, "काय करून राहिली वं? बस ना तू." त्या बाईंनी सुनेला तळहातावर जपलं. सहा-आठ महिन्यांत ताईंच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या, की खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायला लागले. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनी पुढच्या व्हिजिटला जे केलं ते मी सगळ्या डॉक्टरांना सांगत असते. ते ताईंशी बोललेच नाहीत, सासूबाईंकडे वळले. म्हणाले, "आई, तुम्ही हिची फार काळजी घेता ते दिसतंय. आता माझं एक औषध तुम्हाला द्यायचंय हिला. रोज सकाळची कणीक हिला भिजवू द्या. ओट्याशी उभं राहून. मागे खुर्ची ठेवा, दमली की बसेल. आणि अंगणातल्या झाडांना पाणी हीच घालेल, सकाळी, उन्हाच्या आधी." सासूबाईंनी ते शब्दशः पाळलं. डॉक्टरसाहेबांनी दिलेलं औषध म्हणून शेजारणींनाही सांगितलं. मी त्यात खुर्चीतून उठबस आणि भिंतीशी टाचा उचलणं एवढीच भर घातली.

घरकाम मोजायचं की नाही यावर आम्हा फिजिओंमध्येही मतं वेगवेगळी आहेत. मी मोजते. अमेरिकेतल्या नॅशनल एमएस सोसायटीने २०२० मध्ये ज्या शिफारशी काढल्या, त्यांतही आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट सांगताना ठरवून केलेल्या व्यायामाबरोबर रोजच्या जगण्यातली हालचाल धरलेली आहे. फक्त एक सांभाळायचं. ज्या बाईवर आधीच सगळ्या घराचा भार आहे तिला 'घरकाम हाच व्यायाम' म्हणू नका. तिला कामातून अर्धा तास सोडवून द्या आणि तेही तिच्या नवऱ्यासमोर सांगा.

किती करायचं, हा पुढचा प्रश्न. कॅनडात २०१३ मध्ये सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी मार्गदर्शन आलं: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. मला हे प्रमाण पेशंटसमोर ठेवायला आवडतं. ते आवाक्यातलं वाटतं. १५० मिनिटं हा आकडा पहिल्याच दिवशी ऐकला की माणूस खचतो. सुरुवात पाच मिनिटांनी करा. पाच मिनिटं, मग विश्रांती, मग परत पाच. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. नाडी मोजायला शिकवण्यापेक्षा हे लोकांना पटकन समजतं.

आणि ते कागदावर लिहा. औषधांच्या वर, जमलं तर. 'चालणे, घरातल्या घरात, ५ मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, आठवड्यातून ५ दिवस, दर आठवड्याला २ मिनिटं वाढ. खुर्चीतून उठबस १० वेळा, एक दिवसाआड.' असा कागद पेशंट फ्रिजवर चिकटवतो. तोंडी सांगितलेलं लिफ्टपर्यंतसुद्धा टिकत नाही, आणि एमएसमध्ये विसरायला होतं हा आजाराचाही भाग आहे.

काय करायचं हे मात्र पेशंटलाच विचारा. "आधी काय करायला आवडायचं?" या प्रश्नावर लोकांचे चेहरे उघडतात. बँकेत नोकरी करणारे एक काका आयुष्यभर सायकलने ऑफिसला गेलेले. एका पायाचा पंजा उचलत नाही, पाय घासत चालतात. रस्त्यावर सायकल आता शक्य नाही. जुनी एका जागेवरची सायकल घेतली, पेडलला वेल्क्रोचा पट्टा लावून पंजा बांधला, समोर टेबल-फॅन. ते त्यांच्या बँकेच्या वाटेवरची ठिकाणं डोळ्यांपुढे आणत पेडल मारतात. त्यांना मी योगासनं दिली असती तर आठवडाभर टिकले नसते. उलट दुसऱ्या एका ताईंना योगच हवा होता. त्यांच्याशी घासाघीस करून सूर्यनमस्कार खुर्चीच्या आधाराने आणि वृक्षासन भिंतीला बोटं टेकवून, एवढ्यावर ठरवलं. पेशंट तुम्हाला 'योगा चालेल का?' विचारतात तेव्हा 'हो' किंवा 'नको' यावर थांबू नका. चालेल, आधार धरून, गारव्यात, तोल जाणारी आसनं एकटं असताना नको, असं पूर्ण उत्तर द्या.

इथे एक विनंती, कळकळीची. भीती घालू नका. 'चालत राहा, नाहीतर खुर्ची येईल' हे वाक्य मी पेशंटच्या तोंडून अनेकदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ते सांगताना त्यांचा आवाज बदललेला असतो. हेतू चांगला असतो, मान्य. पण ज्याला पुढे खरंच व्हीलचेअर लागली त्याला मग वाटत राहतं, की आपण कमी चाललो म्हणून हे झालं. आणि हे खरं नाही. व्यायामाने मायलिन परत आणता येत नाही, एमएसचं औषध सोडता येत नाही. ताकद, दम, चाल, थकवा, मन, यांत फरक पडतो, आणि जगायला तेवढा फरक फार मोठा असतो. जे आहे तेच सांगितलं तर लोकांचा विश्वास बसतो.

व्हीलचेअरवरच्या पेशंटचं वेगळं दुःख आहे. त्यांच्याशी व्यायामाबद्दल कुणी बोलतच नाही. अपंगत्व मोजायची कुर्ट्झके यांची पट्टी आहे, ० ते १० ची. ६ वर काठी लागते. त्याच्या पुढे गेलेल्या माणसाच्या केसपेपरवरून 'फिजिओ' हा एक शब्दही हळूहळू नाहीसा होतो. २०२० च्या त्या शिफारशी या पट्टीवर ९ पर्यंतच्या लोकांचा विचार करतात, म्हणजे जवळजवळ सगळा वेळ अंथरुणात असलेल्यांचासुद्धा. बसून हातांचे व्यायाम आहेत, श्वासाचे आहेत, आधाराने उभं राहणं आहे, पलंगावरून खुर्चीत सरकायचा सराव आहे. चंद्रपूरकडचे एक दादा आहेत, त्यांच्याकडे मी व्हिडिओ कॉलवरून जाते. त्यांचं ध्येय एकच होतं, बाथरूमच्या खुर्चीवर बायकोने न उचलता सरकता आलं पाहिजे. खांदे आणि दंड भक्कम करण्यात खूप काळ गेला. आता ते एका फळीवरून सरकत जातात, बायको फक्त बाजूला उभी असते. तिची पाठदुखी कमी झाली. हा व्यायाम त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिला होता, म्हणूनच दादांनी तो मनावर घेतला.

पुढच्या व्हिजिटला काय करायचं? सगळ्यांत आधी व्यायामाबद्दल विचारा. रिपोर्ट बघायच्याही आधी. ज्या गोष्टीबद्दल डॉक्टर पहिल्यांदा विचारतात ती गोष्ट महत्त्वाची, हे पेशंट लगेच ओळखतो. आमच्या इथल्या एका न्यूरॉलॉजिस्टनी आपल्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर दोन रंगीत टेपा चिकटवल्यात, २५ फुटांवर, म्हणजे साडेसात मीटरच्या जरा वर. प्रत्येक एमएसचा पेशंट आत यायच्या आधी तेवढं चालतो, सिस्टर मोबाइलवर सेकंद मोजतात आणि केसपेपरवर लिहितात. मागचा आकडा शेजारीच असतो. दोन सेकंद कमी झाले की डॉक्टर तो कागद पेशंटपुढे फिरवून दाखवतात. वाढले तर रागावत नाहीत. विचारतात, मधल्या काळात काय झालं? लग्न होतं घरात, मुलीची दहावी होती, शेतात सोयाबीन काढणी होती. ठीक आहे, आता परत पाच मिनिटांपासून. त्यांचे पेशंट खाडा पडला तरी तोंड लपवत नाहीत, आणि खाडा तर प्रत्येकाचा पडतो.

रिलॅप्स आल्यावर तर ही वाट पार मोडते. स्टिरॉइडची सलाईन चालू असताना व्यायाम थांबतो, ते बरोबरच आहे. पण परत कधी सुरू करायचा ते डिस्चार्जच्या कागदावर नसतं. घरचे म्हणतात पूर्ण बरं वाटू दे, आणि पूर्ण बरं वाटायची वाट बघता बघता महिने जातात. लक्षणं स्थिरावली की फिजिओकडे दाखवायचं, त्यासाठी एक तारीख लिहून द्या. थोडी मागे-पुढे झाली तरी चालेल.

वेळ नसतो, हे मला माहीत आहे. तुमच्या ओपीडीच्या बाहेरची गर्दी मी बघितलेली आहे. म्हणून तुमच्याकडून मी व्यायाम शिकवण्याची अपेक्षा करत नाही. ते काम माझं आहे, माझ्यासारख्यांचं आहे. चिठ्ठी मात्र जरा मोठी लिहा. कुठला पाय कमजोर आहे, पाय आखडतात की लुळे पडतात, उष्णतेचा त्रास आहे का, लघवीची घाई आहे का, गेल्या सहा महिन्यांत पडले होते का, हृदयाची किंवा बीपीची काही अडचण आहे का, शेवटचा अटॅक कधीचा, बॅक्लोफेन किती आणि कुठल्या वेळी. आणि पेशंटला स्वतःला काय करता यायला हवंय, तेही एका ओळीत. जिना चढून गच्चीवर जायचंय, नातवाला कडेवर घ्यायचंय, शाळेत फळ्यासमोर उभं राहून शिकवायचंय, जे असेल ते. एवढं लिहून आलं तर माझे पहिले दोन दिवस चौकशीत जात नाहीत, पहिल्याच दिवशी पेशंट उभा राहून कामाला लागतो.